टोपलीची होडी आणि साहेबांचं नाटकगृह

आज इतिहास सांगणार आहे एका नाटकगृहाचा आणि एका टोपलीचा. दोन्ही व्हिएतनाम देशातली.

व्हिएतनाम आपल्या कोकणासारखाच भात, मासळी आणि बांबूचा देश. १८५९ साली फ्रेंचांनी तिथलं सायगॉन शहर घेतलं आणि हळूहळू सगळ्या देशावर राज्य बसवलं. राज्य आलं तशी साहेबांना करमणूक हवी झाली. म्हणून शहराच्या मध्यभागी त्यांनी एक देखणं नाटकगृह बांधलं. त्याला म्हणतात ऑपेरा हाउस. ते १९०० साली सुरू झालं. घडण पॅरिसच्या इमारतींसारखी, सजावटीचं बरंचसं सामान फ्रान्सहून आणलेलं, आणि गाणारे-नाचणारेही तिकडूनच बोलावलेले. भात पिकवणाऱ्या बाईसाठी ते बांधलेलंच नव्हतं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली बॉम्बहल्ल्यात या इमारतीचं नुकसान झालं. १९५४ साली फ्रेंच राजवट संपली, पण देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. तेव्हा उत्तरेकडून आलेल्या काही लोकांना याच नाटकगृहात तात्पुरता आसरा दिला होता. मग इथे दक्षिण व्हिएतनामची संसद भरू लागली. १९७५ साली युद्ध संपलं, देश एक झाला आणि हे पुन्हा नाटकगृह झालं. सायगॉनला हो चि मिन्ह सिटी हे नाव मिळालं. शहराला ३०० वर्षं झाली तेव्हा, १९९८ साली, इमारतीची मोठी डागडुजी केली.

आता टोपलीकडे येऊ. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर कोळी लोक गोल टोपलीची होडी वापरतात. बांबूच्या कामट्या काढून चटईसारखं विणतात, त्याला परातीसारखा खोलगट आकार देतात आणि काठ घट्ट बांधतात. मग पाणी आत शिरू नये म्हणून काय करतात, माहीत आहे? शेणाने लिंपतात! आपल्याकडे कणगी लिंपतात, अगदी तशीच. ते वाळलं की वरून झाडाचं तेलकट राळ चोपडतात. किनाऱ्यावरून मोठ्या नावेपर्यंत जायला आणि जवळपास मासेमारी करायला ही होडी कामी येते.

ही टोपली आता त्या नाटकगृहाच्या रंगमंचावर पोचली आहे. २०१३ पासून तिथे कसरत आणि नृत्याचा एक कार्यक्रम होतो. नाव 'आ ओ'. त्यांच्या भाषेतल्या गाव आणि शहर या दोन शब्दांमधले हे स्वर आहेत. तासाभराच्या या खेळात फारसं बोलणं नसतं. मुलं-मुली उंच बांबूंवर चढतात, त्याच बांबूंचा क्षणात पूल होतो, क्षणात घर होतं. टोपलीच्या होड्या चाकासारख्या फिरतात, कधी कासवासारख्या पालथ्या पडतात आणि खालून माणसं डोकावतात. आधी गावातलं निवांत जगणं दिसतं, मग शहरातली दाटीवाटी आणि गोंगाट. सोबत तिथलीच वाद्यं समोर बसून वाजवतात.

मैत्रिणींनो, ज्या इमारतीत एकेकाळी परक्यांची कला तेवढी मोठी मानली जायची, तिथे आज शेणाने लिंपायची होडी बघायला जगभरातले पाहुणे येतात. ही छोटी गोष्ट नाही. रोजच्या वापरातली वस्तू आहे म्हणून ती कमी प्रतीची, असं आपल्याला शिकवलं गेलं. ते खरं नव्हतं.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. या खेळाचं तिकीट महाग असतं आणि प्रेक्षकांत परदेशी पर्यटक पुष्कळ असतात. किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या घरातली बाई ते सहज काढू शकेल असं नाही. तिच्या घरची टोपली मंचावर गेली. ती स्वतः दारापर्यंत तरी पोचली का?

हा प्रश्न आपल्यालाही लागू पडतो. आपली सुपं, गोधड्या, पापड शहरातल्या प्रदर्शनात जातात, लोक कौतुक करतात. त्या कौतुकातलं किती विणणारीच्या, शिवणारीच्या, लाटणारीच्या हातात येतं? गटाच्या पुढच्या बैठकीत एखादी वस्तू समोर ठेवा. ती कुणी केली, किती दिवस लागले, तिला किती मिळाले आणि शेवटी ती कितीला विकली गेली, हे वहीत लिहून काढा. मग त्यावर बोलू.