छताला लटकलेले फुगे

मान वर करा. लॉस एंजेलिसच्या फोरम स्टेडियममध्ये छताखालच्या जाळ्यांत हजारो फुगे कोंबलेत. तारीख ५ मे १९६९. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना. घरचा संघ लेकर्स जिंकला की फुगे सुटणार, मग बँड वाजणार, हा सगळा क्रम कागदावर छापूनसुद्धा झालाय. बाजारात तुरी, म्हणतात ते हेच.

तो कागद प्रतिस्पर्धी बोस्टन सेल्टिक्सच्या खोलीत पोचलाय. यापेक्षा जालीम भाषण कुठल्या प्रशिक्षकाला सुचणार? आणि इथला प्रशिक्षक स्वतःच बूट बांधत बसलाय: बिल रसेल, वय ३५, पाठीवर ६ आकडा. मोठ्या सामन्याआधी त्याला ओकारी होते. तो आवाज आला की सोबत्यांना हायसं वाटतं.

१९६६ मध्ये आधीच्या प्रशिक्षकानं, रेड ऑरबाखनं, बाकावरून उठून ती जागा याला दिली. एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. गोऱ्या खेळाडूंना निःपक्षपातीपणे वागवाल ना, असं तेव्हा पत्रकारानं तोंडावर विचारलं होतं. गोऱ्या प्रशिक्षकांना हा प्रश्न उलटा करून कोणी विचारला असेल, असं मला वाटत नाही. त्याला सहायकही नाही. धापा टाकत बास्केटखाली चेंडू झेलायचे आणि त्याच दमात कोणाला बसवायचं, कोणाला उतरवायचं तेही ठरवायचं.

चौथ्या सत्रात सेल्टिक्स १७ गुणांनी पुढे. मग आघाडी झिजत जाते. शेवटची सहा मिनिटंही उरलेली नसताना लेकर्सचा विल्ट चेंबरलेन गुडघा धरून बाहेर जातो. थोड्या वेळानं परत यायचं म्हणतो. प्रशिक्षक व्हॅन ब्रेडा कोल्फ त्याला घेत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर तो सात फुटी माणूस बाकावर बसून राहतो. समोरच्या संघात हे भांडण होऊच शकत नाही. तिथला धिप्पाड सेंटर आणि त्याला बसवण्याचा अधिकार असलेला माणूस एकाच घामेजलेल्या बनियनमध्ये आहेत, आणि त्यानं स्वतःला एकदाही बसवलेलं नाही.

आघाडी एका गुणावर येते. निसटलेला चेंडू सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनच्या हाती पडतो. तो घाईत फेकतो. चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून सरळ वर उडतो. सगळं फोरम श्वास रोखतं. चेंडू जाळीतूनच खाली येतो.

१०८-१०६. बोस्टन.

रसेलचं हे तेरा हंगामांतलं अकरावं विजेतेपद, त्यांतली दोन प्रशिक्षक म्हणून. याच उन्हाळ्यात तो दोन्ही कामं सोडणार आहे. त्याच्या संघाला याची कल्पना नाही, तुम्हांला आहे. पण बोलू नका. तो आत्ता लेकर्सच्या जेरी वेस्टपाशी उभा आहे. दुखऱ्या पायानं ४२ गुण करून हरलेला वेस्ट. रसेलनं त्याचा हात हातात घेतलाय. बोलत काहीच नाही, सोडतही नाही.

वर जाळ्यांत फुगे तसेच.