कच्छच्या रणाचा निवाडा

मुंबई सरकारने १९१४ साली केलेल्या ठरावाने कच्छचे राव आणि त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडणारा सिंध यांच्यामधील सरहद्दीचा कज्जा पश्चिमेच्या खाडीभागापुरता मिटला. परंतु पावसाळ्यात जलमय होणाऱ्या आणि एरवी मिठाने पांढऱ्या पडणाऱ्या अफाट रणातून हद्द नेमकी कोठून जाते, हे निर्विवादपणे ठरविण्याची निकड त्या अमदानीत कोणास भासली नाही. फाळणीने इलाख्याचे हे भिजत घोंगडे दोन सार्वभौम राष्ट्रांच्या गळ्यात घातले. चोविसाव्या अक्षांशाच्या उत्तरेकडील सुमारे ३,५०० चौरस मैल मुलूख पाकिस्तान मागत होता, तर हद्द रणाच्या उत्तर काठानेच जाते, असे भारताचे म्हणणे होते. एप्रिल १९६५ मध्ये तेथे लष्करे भिडली.

ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जूनला जो करार झाला, त्याचे मर्म एवढेच, की लवादाचा निवाडा काय येणार हे ठाऊक नसतानाच उभय पक्षांनी तो बंधनकारक मानला. सप्टेंबरात मोठे युद्ध पेटले, तरी करार टिकला, ही गोष्ट मला त्या युद्धातील कोणत्याही चकमकीपेक्षा अधिक विलक्षण वाटते. स्वीडनचे लागेरग्रेन अध्यक्ष, भारतातर्फे युगोस्लाव्हियाचे बेब्लर आणि पाकिस्तानतर्फे इराणचे एन्तेझाम अशा लवादाने १९ फेब्रुवारी १९६८ रोजी बहुमताने निवाडा दिला, आणि मागणीचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला मिळाला. त्यात छाड बेट होते, कारण तेथील गवतावर सिंधची गुरे पूर्वापार चरत आली होती. आणि सिंधमधील नगरपारकरच्या दोन्ही बगलांना आत शिरलेले रणाचे फाटेही होते, कारण ते परक्या अमलाखाली राहिल्यास कटकटी वाढतील, असे अध्यक्षांना वाटले. बेब्लर यांनी भिन्न मत नोंदविले.

कच्छमध्ये सत्याग्रह झाले, संसदेत शरणागतीचे आरोप झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तथापि इंदिरा गांधींच्या सरकारने दिलेला शब्द पाळला, आणि ते योग्यच झाले. काश्मीरला हाच तोडगा लागू करा, असे सुचविणाऱ्यांनी मात्र विसरू नये, की रणात गवत होते, गावे नव्हती.

१९१४ साली कज्जा मिटलेल्या पश्चिमेच्या खाडीभागातील सर क्रीकची खाडी लवादाच्या कक्षेबाहेर राहिली; पण पुढे तिच्यावरूनही वाद उद्भवला. २००७ साली संयुक्त मोजणी होऊनही तिचा निकाल लागलेला नाही.