अहेव मरणाचा हिशोब

भीमा नदीच्या काठी, कोरेगावच्या समोर पेरणे येथे उभ्या असलेल्या विजयस्तंभाला आपण दर १ जानेवारीला मानवंदना देतो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी दिवसभर लढली. त्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली बावीस नावे महार शिपायांची आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले आणि त्या दगडाला वाचा फुटली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांची नावे दगडावर सापडणे ही साधी गोष्ट नव्हती.

परंतु त्या नावांकडे पाहताना मला नेहमी दुसराच एक प्रश्न पडत आला आहे. एका दिवसाच्या लढाईत पडलेल्या पुरुषांची नावे आपल्याला मिळाली. त्याच भीमेच्या दोन्ही अंगांना, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत, पुढची शे-सव्वाशे वर्षे ज्या बाया विशी-पंचविशीतच मेल्या, त्यांची नावे कुठे आहेत? त्यांची लढाई एका दिवसाची नव्हती. रोज पहाटे ती जात्यापाशी सुरू व्हायची.

त्यांची आठवण राहिली ती जात्यावरच. शिरूर-दौंडच्या खेड्यांत मास्तरकी करताना म्हाताऱ्या बायांच्या तोंडून मी ओव्या ऐकल्या आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या संशोधकांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रभर हिंडून लाखावर ओव्या जमा केल्या. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्यासारख्या गावांतल्या बायांचाही आवाज त्या संग्रहात आहे. ज्यांच्या हाती कधी पाटी-पेन्सिल आली नाही त्यांनी केलेले हे दप्तर आहे. आपले इतिहासकार जेव्हा ‘साधने नाहीत’ असे म्हणतात, तेव्हा ते जात्याकडे पाहत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

या दप्तरात अकाली गेलेल्या तरुण बाईचा शोक पुष्कळ आहे. पण तो शोक एका ठरीव वाटेने जातो. नवऱ्याच्या आधी गेली ती ‘अहेव’ गेली, भाग्याची गेली. तिला न्हाऊ घालतात, कपाळी मळवट भरतात, हातात हिरवा चुडा, अंगावर माहेरचे लुगडे, ओटी भरलेली. जिवंतपणी जिला वर्षाला धड एक लुगडे मिळत नव्हते, तिला मेल्यावर नवे लुगडे मिळते. गावच्या बाया तिच्या पायाला हात लावतात आणि आपल्यालाही असेच मरण यावे म्हणून मागणे मागतात. मरणाचा सोहळा होतो. या सोहळ्यात एक गोष्ट कुणी विचारीत नाही. ती मेली कशाने?

बायांनी असे मरण का मागावे? अडाणीपणा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. मागे राहिलेल्या बाईचे काय होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. बांगड्या फुटतात, कुंकू पुसले जाते, हळदीकुंकवाच्या बोलावण्यातून नाव गळते, दिराच्या दारी तुकडा मोडावा लागतो. तेव्हा अहेव मरणाची इच्छा ही खरे म्हणजे विधवेच्या जिण्यावर बायांनी ठेवलेला आरोप आहे. असले जगण्यापेक्षा मेलेले बरे, असे त्यांना म्हणायचे आहे. आपल्या जातींत तर पाटाची, मोहतराची चाल होती. नवरा मेलेल्या बाईला दुसरे घर करता येत होते. पण पाट लागायचा तो रात्रीच्या अंधारात, आणि पाटाच्या बायकोला पहिल्या लग्नाच्या बायकोचा मान कधी मिळाला नाही. ज्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवले त्यांचीच पावित्र्याची फूटपट्टी आपणही आपल्या लेकीसुनांना लावली, हे आज आपल्याला कबूल केले पाहिजे.

आमच्या घरात माझ्या एका आत्याचे नाव निघाले की आजी एकच वाक्य बोलायची, ‘पोर सोन्याची, अहेव गेली.’ मी मोठा झालो, चार पुस्तके वाचली आणि एकदा आजीला खोदून विचारले. तेव्हा कळले ते असे. आत्याचे ते चौथे बाळंतपण होते. दिवस भरत आले तरी ती लोकांच्या रानात खुरपायला जात होती. मूल आडवे आले. सुईण रात्रभर झटत राहिली. बैलगाडी मागायला वडील गावात गेले. महारवाड्यातल्या बाळंतिणीसाठी गाडी जुंपायला कुणी तयार झाले नाही. पहाटे ती संपली. वय बावीस-तेवीस असेल. आजीच्या एका वाक्यात यातले काहीच नव्हते. ‘अहेव’ हा एक शब्द गाडीवर, खुरप्यावर, चौथ्या बाळंतपणावर गोधडीसारखा पांघरला गेला होता.

यातली दुसरी विसंगती पाहा. गावात कुणी मेले की त्याचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांना पोचवणे हे वतनी महाराचे काम. सरणाला लाकडे पोचवायची तीही त्यानेच. १९५८ च्या कायद्याने ही वतने संपेपर्यंत ज्यांनी साऱ्या गावाच्या मरणाची खबर पायी वाहिली, त्यांच्या स्वतःच्या लेकीच्या मरणाची खबर महारवाड्याबाहेर गेली नाही. गावाला ती ऐकायची नव्हती.

याच पुणे जिल्ह्यात एका मुलीने ही खबर फार आधी लिहून ठेवली होती. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिताना ती आपल्या बायांच्या बाळंतपणापाशी थांबते. डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पाऊस अंगावर, रोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा नाही, हे ती नेमके नोंदवते. तिने मरणाला नशीब म्हटले नाही, भाग्यही म्हटले नाही. तिने कारण सांगितले. दलित स्त्रीच्या शोकाची ही दुसरी परंपरा आहे आणि ती अहेवपणाच्या परंपरेला छेद देते.

या दोन परंपरा मनात ठेवून मला रमाईंविषयी बोलायचे आहे. रमाबाईंचे आईबाप त्या लहान असतानाच वारले. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, त्यांचे लग्न लागले. तेव्हा त्या जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या. १९१३ साली सासरे रामजी गेले, त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले. मांडीवर यशवंत. पुढे १९२० ते १९२३ पुन्हा विलायत. पाच मुले झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली राजरत्न अशी चार गेली. राजगृह बांधून झाले, पण ते सुख फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी दीर्घ आजाराने राजगृहातच त्यांचा अंत झाला. वय अवघे सदतीस.

रमाईंच्या जाण्याने बाबासाहेब लहान मुलासारखे रडले, काही दिवस विरक्त होऊन राहिले. पुढे पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला आणि हलाखीच्या दिवसांत त्यांनी सोबतीने जे सोसले त्याची कृतज्ञ नोंद केली. आपल्या बायांनी रमाईंना ओवीत घेतले, सख्खी बहीण मानले. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या त्यांच्याविषयीही ‘नशीबवान, अहेव गेली’ असेच म्हणत. आणि आम्ही शिकलेल्यांनी काय केले? आम्ही ‘त्यागमूर्ती’ हा शब्द घडवला. २७ मे आला की व्यासपीठावरून शेणाच्या गोवऱ्यांचा, उपासमारीचा, मुलांच्या मरणाचा पाठ होतो. सभेतल्या बाया पदराने डोळे पुसतात. मग वक्ता सांगतो की प्रत्येक बाईने रमाई व्हावे.

मला विचारायचे आहे, म्हणजे काय व्हावे? उपाशी राहावे? चार लेकरे पुरावीत? सदतिसाव्या वर्षी मरावे? ‘अहेव’ आणि ‘त्यागमूर्ती’ या दोन शब्दांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही शब्द मरणाला शोभा आणतात आणि कारणाला झाकतात. रमाईंचे मोठेपण सोसण्यात होते यात शंका नाही. पण त्यांना सोसावे लागले याची लाज व्यवस्थेला वाटली पाहिजे. आपण त्याचा आदर्श करून पुढच्या पोरींच्या गळ्यात बांधता कामा नये.

बाबासाहेबांनी तसे केले नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. रमाईंच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, त्यांच्या पक्षाचे प्रभाकर रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव नामंजूर झाला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद भरली. तेथे त्यांनी हजारो बायांना सांगितले की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, मुलींना शिकवा. घरातल्या दुःखातूनच हे सारे आले असे मी म्हणणार नाही. त्यांचा विचार त्याआधीचा होता. पण ज्या घरातून चार लेकरांना पोचवले त्या घरचा माणूस हे बोलत होता, हेही विसरता येत नाही. अकाली गेलेल्या बाईचा शोक कसा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

आज काळ बदलला आहे, हे नाकारू नये. २०१८-२० च्या पाहणीत महाराष्ट्रातले मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. पण सरासरीचा आकडा तांडा, पाल आणि कोपी यांत शिरून पाहत नाही. आमच्या शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात दर गळीत हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या बाया पोटुशी असतानाही मोळी उचलतात. पाळीमुळे कामाचा खाडा पडू नये म्हणून ऐन तिशीत गर्भाशये काढली जातात, हा बीड जिल्ह्यातला प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. दुसरीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर गावांनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. विधवेचे जिणे माणसाचे झाले की अहेव मरणाचा मोह आपोआप सुटेल. शासनाच्या घरकुल योजनेला रमाईंचे नाव आहे, हे योग्यच आहे; मुक्ता साळवेने १८५५ साली छप्परच मागितले होते. पण छपराखाली राहणाऱ्या बाईला विश्रांती, औषध आणि स्वतःच्या देहावर हक्क मिळेपर्यंत ते घर पुरे होत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि माझ्या शिक्षकबंधूंपुढे मी एक काम ठेवतो. येत्या २७ मे रोजी भाषणे थोडी कमी करा. प्रत्येक वस्तीत एक वही घाला. घरातल्या म्हाताऱ्यांना बसवून विचारा, आपल्या घरातली कोणती सून, कोणती लेक चाळिशीच्या आत गेली. तिचे नाव, माहेर, अंदाजे वय, कितवे बाळंतपण, कोणते काम, कोणता आजार, दवाखाना किती कोसांवर होता आणि कुणी गाडी दिली नाही, हे सारे लिहून घ्या. जाते आता बहुतेक घरांतून गेले आहे, त्यावर गाणाऱ्या बायाही एकेक करून जात आहेत. या वहीत पहिले नाव रमाईंचे घाला, वय सदतीस. त्याच्या खाली मी माझ्या आत्याचे नाव लिहिणार आहे आणि तिच्या नावापुढे अहेव हा शब्द लिहिणार नाही.