शिंगातले शेण आणि लाल वाइन

बुलढाण्याच्या कपाशीला शेणखत नवे नाही. त्याचा शास्त्रीय विचार मात्र 1924 नंतर वाढला. त्या वर्षी स्थापन झालेल्या इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी पऱ्हाट्या, शेण, माती यांच्या कंपोस्टची रीत बसवली. त्याच वर्षी जर्मनीत रुडॉल्फ स्टायनर यांनी शेण गाईच्या शिंगात भरून पुरायला सांगितले. ही 'बायोडायनॅमिक' शेती आज उंची लाल वाइनच्या काही मळ्यांत चालते.

पण शिंगाने नेमके काय साधते? कॅलिफोर्नियातील मर्लो द्राक्षांच्या एका मळ्यात 1996 पासून ते तपासले. कंपोस्ट सगळीकडे, स्टायनरची खास द्रव्ये निम्म्याच तुकड्यांना. सहा वर्षांत मातीच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही.

आम्हाला वाटते, शाळेच्या दोन वाफ्यांतही अशी तुलना शिकवता येईल.