लागोसचा नट, लंडनचा पडदा

लंडनजवळच्या शेपर्टन इथे थेम्सच्या काठी 1930च्या दशकात गवती झोपड्यांचे एक आफ्रिकी गाव उभारले गेले. ते होते झोल्टान कोर्डा यांच्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ (1935) या चित्रपटाचे नेपथ्य, आणि कथानकातला मुलूख होता नायजेरिया. त्या गावात वावरायला ब्रिटनमध्ये राहणारीच आफ्रिकी माणसे जमवली होती. त्या गर्दीत पुढे केनियाचे अध्यक्ष झालेले जोमो केन्याटा होते. एका छोट्या भूमिकेत ऑर्लँडो मार्टिन्स होता. तो खराखुरा लागोसचा, आणि पोटासाठी थेम्सकाठच्या खोट्या नायजेरियात उभा!

परदेशी पडद्यावर काम केलेल्या नायजेरियन नटांचा अभ्यास करायचा, तर या दृश्यापासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते. हे क्षेत्र अजून लहान आहे. चित्रपटाचा इतिहास, साम्राज्याचा इतिहास आणि स्थलांतराचा इतिहास जिथे एकमेकांत घुसतात, तिथे ते वसले आहे. आत येण्यासाठी आफ्रिकेची खास जाण हवी असेही नाही. मात्र एक सवय मोडावी लागते. चित्रपट म्हटला की आपण नायक पाहतो, दिग्दर्शक पाहतो आणि चित्रपटाची भूमिका हीच त्यात काम करणाऱ्याचीही भूमिका असे धरून चालतो. इथे तसे धरले की फसगत होते.

‘सँडर्स’ हा साम्राज्याची आरती ओवाळणारा चित्रपट, याबद्दल आज वाद नाही. त्यातल्या प्रमुख नटाने, म्हणजे अमेरिकेच्या पॉल रोबसनने, पुढे त्याच्याशी उघडपणे नाते तोडले. रोबसनला ते परवडत होते. मार्टिन्ससारख्याला पुढच्या कामाची वाट पाहायची होती. या दोघांना एकाच मापाने मोजू नये, एवढे जरी नवख्या वाचकाने मनात ठेवले तरी पुष्कळ झाले.

मार्टिन्सचा जन्म 1899चा. तेव्हा लागोस ही ब्रिटिश वसाहत होती आणि आजच्या अर्थाने नायजेरिया अस्तित्वातच नव्हता. उत्तर आणि दक्षिण भाग जोडले गेले ते 1914 साली, स्वातंत्र्य आले 1960 साली. म्हणजे ‘नायजेरियन नट’ ही ओळखसुद्धा त्याला वाटेत मिळत गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाजावरची नोकरी धरून तो ब्रिटनला पोहोचला आणि युद्ध संपल्यावर लंडनमध्ये राहिला. मग काय काय केले त्याने! कुस्तीच्या फडात ‘ब्लॅक बुचर जॉन्सन’ या नावाने उतरला, सर्कशीत साप खेळवले, दियागिलेव्हच्या रशियन बॅलेत गर्दीतला माणूस झाला, मूकपटांत एक्स्ट्रा म्हणून उभा राहिला. ही यादी वाचून हसू येते, पण त्या काळी लंडनमधल्या काळ्या कलावंताची शाळा हीच होती. 1936 साली सी. एल. आर. जेम्स यांच्या तूसँ लूव्हर्त्यूरवरील नाटकात तो रोबसनबरोबर रंगभूमीवर होता. हैतीतल्या गुलामांच्या बंडाचे ते नाटक. म्हणजे वर्षभरापूर्वी पडद्यावर साम्राज्याची प्रजा, आणि आता रंगमंचावर बंडखोर.

‘मेन ऑफ टू वर्ल्ड्स’मध्ये (1946) तो मांत्रिक झाला. त्याच्या कारकिर्दीचा कळस मात्र ‘द हेस्टी हार्ट’ (1949). ब्रह्मदेशातले युद्धकालीन इस्पितळ, जखमी सैनिक, आणि त्यांत ब्लॉसम नावाचा आफ्रिकी शिपाई, ज्याला इंग्रजी जवळजवळ येतच नाही. सोबत रिचर्ड टॉड आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन. काळ्या माणसाला मुके आणि गोड करून ठेवले, हा या भूमिकेवरचा आक्षेप मला पटतो. पण हेही नोंदवायला हवे की चित्रपटाआधी मार्टिन्सने हीच भूमिका लंडनच्या रंगभूमीवर केली होती. शब्दांवाचून प्रेक्षकांना धरून ठेवण्याचे ते कसब घोटून आलेले आहे. आक्षेप आणि दाद, दोन्ही एकाच परिच्छेदात मांडता यावीत, ही या अभ्यासाची खरी परीक्षा.

कोर्डांच्या कंपनीचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. ‘सँडर्स’नंतर तिने म्हैसूरच्या माहुताच्या मुलाला, साबूला, ‘एलिफंट बॉय’मध्ये (1937) आणले आणि मग वायव्य सरहद्दीवरच्या ‘द ड्रम’मध्ये. त्या ‘ड्रम’विरुद्ध 1938 साली मुंबईत निदर्शने झाली. लागोसचा मार्टिन्स आणि म्हैसूरचा साबू यांना शेजारी ठेवून मराठीत कोणी लिहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

बोलाजी बडेजोची गोष्ट अगदी वेगळी. लंडनमध्ये चित्रकलेशी निगडित शिक्षण घेणारा हा जवळपास सात फुटी तरुण सोहोतल्या एका पबमध्ये निर्मिती मंडळींच्या नजरेत भरला. रिडली स्कॉटच्या ‘एलियन’मध्ये (1979) परग्रहावरच्या प्राण्याच्या वेषात तोच होता. जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिलेल्या त्या देहाचा चेहरा कोणालाच दिसला नाही. दुसरा चित्रपट त्याने केला नाही, मायदेशी परतला आणि 1992 साली सिकलसेलच्या आजाराने गेला. त्याच वर्षी नायजेरियात ‘लिव्हिंग इन बाँडेज’ हा चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आला आणि नॉलिवूडची, म्हणजे नायजेरियन चित्रपटउद्योगाची, लाट उसळली. कामासाठी देश सोडणे ही सक्ती उरली नाही, निवड झाली. त्यानंतरच्या नटांचा अभ्यास म्हणूनच वेगळ्या प्रश्नांनी करावा लागतो.

साधनांची अडचण आहेच. छोट्या भूमिकांची नावे श्रेयनामावलीत येत नसत. नाटकांची कार्यक्रमपत्रके, छायाचित्रे, वर्तमानपत्रांतली चार ओळींची परीक्षणे यांतून माणूस जुळवावा लागतो. स्टीफन बोर्न यांनी ब्रिटिश पडद्यावरच्या काळ्या कलावंतांसाठी हे काम चिकाटीने केले. मार्टिन्सचे ताकियू फोलामी यांनी लिहिलेले चरित्र त्याच्या हयातीतच, 1983 साली आले. 1985 साली तो लागोसमध्ये वारला.

आता कुठून पाहायला लागावे? आधी ‘द हेस्टी हार्ट’ पाहावा, ‘सँडर्स’ नंतर. उलट क्रमाने गेल्यास गर्दीतला मार्टिन्स ओळखूच येत नाही. त्यापुढे ‘कोंगीज हार्वेस्ट’ (1970) मिळवावा: पटकथा नायजेरियन नाटककार वोले शोयिंकांची, दिग्दर्शन अमेरिकेच्या ओसी डेव्हिसचे, चित्रीकरण नायजेरियात. सत्तरी गाठलेला मार्टिन्स त्यात आहे, आणि या वेळी परदेशातून आला होता तो दिग्दर्शक.