‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ म्हणजे कोण?

लेड झेपलिन हा इंग्लंडचा हार्ड रॉक बँड. जून १९७२ मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीच इथे झालेल्या त्यांच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण २००३ साली बाजारात आले आणि गाजले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत झालेले ध्वनिमुद्रण मात्र आपल्याकडेही फारसे कुणाला माहीत नाही.

जपानचा दौरा आटोपून गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत उतरले. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ क्लबात ते लोकांसमोर वाजवून, गाऊन गेले. शिवाय इथल्या वादकांना सोबत घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन जुनी गाणी नव्याने मुद्रित केली. ‘फोर स्टिक्स’मध्ये पाच आणि सहा मात्रांचे तुकडे आलटूनपालटून येतात. ठरलेल्या आवर्तनात समेवर येणाऱ्या वादकांना हा अनोळखी हिशेब ऐनवेळी जुळवायचा होता.

ही टेप अधिकृतपणे प्रसिद्ध झाली थेट २०१५ मध्ये, ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत. गाण्याच्या नावापुढे वादकांची ओळख एवढीच: ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

आमच्या मंठ्याकडे कव्वालीच्या कॅसेटवर कव्वालाचे नाव मोठ्या अक्षरात असते. ढोलकवाला आणि मागे टाळी देणारे बेनाव राहतात. लंडन असो की मंठा, रीत तीच. टेप जपली म्हणजे इतिहास जपला असे होत नाही. वाजवणाऱ्याचे नावही लिहून ठेवावे लागते. आपल्या गावच्या उरुसापासून ही सुरुवात करता येईल.