गुलमर्गची ऊब : ऋषी, बर्फ आणि हमाम

काश्मीर सहलीची कुठलीही मराठी जाहिरात उघडा, त्यात एक दिवस गुलमर्गचा असतोच. सकाळी श्रीनगरहून निघायचे, टंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने घ्यायचे, गोंडोलात बसून वर जायचे, बर्फात लोळायचे, 'आप की कसम'च्या गाण्यात दिसलेले टेकडीवरचे देऊळ पाहायचे आणि दिवस मावळायच्या आत परत. ज्यांच्या खिशाला झेपते ते मुक्काम करतात. मोठ्या हॉटेलांत आता स्पाची सोय असते. दिवसभर स्कीइंग करून ठणकणारे अंग तिथे तासाच्या दराने शेकून, चोळून मिळते.

याबद्दल माझी काही तक्रार नाही. माणसाने हौस करावी, चार पैसे खर्चावेत, त्यावर तिथल्या हजारो घरांच्या चुली पेटतात. पण सहलीहून आलेल्या मंडळींशी बोलताना एक गोष्ट जाणवते. गुलमर्गला बर्फ असते हे सगळ्यांना ठाऊक असते, गुलमर्गला इतिहास असतो हे फारसे कुणी सांगत नाही. आणि हा इतिहास समजला नाही, की काश्मिरी माणूस फक्त घोडेवाला, गाइड किंवा संशयित एवढाच उरतो. म्हणून हा लेख.

मुंग्या पाहून दरबार सोडणारा अमीर

गुलमर्गच्या उतारावर, टंगमर्गच्या वाटेवर बाबा रेशींची जियारत आहे. टूरच्या गाड्या इथे क्वचितच थांबतात. बाबा पयामुद्दीन रेशी हे 15व्या शतकातले. सुलतान जैनुल आबिदीन, ज्याला काश्मिरी लोक आजही 'बडशाह' म्हणतात, त्याच्या दरबारातले ते एक बडे सरदार. सुलतानाची कारकीर्द 1420 ते 1470. कथा अशी सांगतात की, एकदा बाहेर पडले असताना पयामुद्दीन यांना मुंग्यांची रांग दिसली. त्या हिवाळ्यासाठी दाणा दाणा साठवत होत्या. एवढासा जीव पुढच्या कठीण काळाची बेगमी करतो आणि मी आखिरतसाठी काय साठवले, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. त्यांनी दरबार सोडला, ऐशमुकामच्या बाबा जैनुद्दीन रेशींचे शिष्यत्व घेतले आणि या जंगलात येऊन राहिले. 1480 साली ते अल्लाहला प्यारे झाले.

कथा खरी की रचलेली, या वादात मी पडत नाही. ज्या मुलखात वर्षातले कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते, तिथल्या लोकांनी संताच्या वैराग्याला मुंगीचे निमित्त द्यावे, यातच त्या समाजाचे शहाणपण आहे. हिवाळ्याची बेगमी हा तिथे जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

बाबांच्या आस्थान्यात एक चूल आहे. ती बाबांनी स्वतः बांधल्याचे मानतात. नवस फेडायला आलेल्या बाया ती मातीने लिंपतात. लहान मुलांचे जावळ काढायलाही लोक इथे येतात. आपल्याकडे पिराच्या उरुसाला किंवा कुलदैवताला जाणाऱ्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल. चुलीला नवस बोलणारी परंपरा म्हणजे भुकेल्याला जेवू घालण्याची परंपरा, हे वेगळे सांगायला नको.

'रेशी' हा शब्द 'ऋषी'वरूनच आला. शेख नूरुद्दीन, म्हणजे नुंद ऋषी, हे या परंपरेचे आद्य. त्यांच्या आधीच्या पिढीतली शिवभक्त लल्लेश्वरी, काश्मिरी लोकांची लल द्यद, हिचाही वारसा या परंपरेने मानला. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त काश्मीरच्या या ऋषींची मोठी स्तुती केली आहे. तो त्यांची संख्या 2000च्या आसपास सांगतो. ते मांस खात नाहीत, लग्न करत नाहीत, कुणाच्या धर्माला नावे ठेवत नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून वाटेवर फळझाडे लावतात, असे त्याने नोंदवले आहे. इस्लाम काश्मीरमध्ये केवळ तलवारीने पसरला असे सांगणाऱ्यांनी या झाडे लावणाऱ्या माणसांचे काय करायचे, ते एकदा ठरवावे.

गौरीमर्गचे गुलमर्ग

या कुरणाचे जुने नाव गौरीमर्ग होते असे सांगतात. 'गुलमर्ग' हे नाव दिल्याचे श्रेय यूसुफ शाह चक या काश्मीरच्या अखेरच्या स्वतंत्र सुलतानांपैकी एकाला जाते. कवयित्री हब्बा खातूनचा तो नवरा. 1586 साली अकबराच्या फौजांनी काश्मीर घेतले. यूसुफ शाह पुन्हा कधी आपल्या मुलखात परतला नाही, त्याची कबर दूर बिहारमध्ये बिस्वक इथे आहे. फुलांच्या कुरणाला नाव देणारा राजा गंगेच्या मैदानात पुरला गेला आणि त्याच्या विरहाची हब्बा खातूनची गाणी खोऱ्यात राहिली.

जहांगीरला या फुलांचे वेड होते. त्याने गुलमर्गमधून 21 प्रकारची फुले गोळा केली, असे तिथला प्रत्येक गाइड सांगतो. काश्मीरमध्ये त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, ही नोंद खुद्द जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे. तोवर गुलमर्ग हे उन्हाळ्याचे ठिकाण होते. हिवाळ्यात इथे मौजेसाठी यावे, हा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता.

साहेब, डांडी आणि नेडू

1846च्या अमृतसर करारात इंग्रजांनी काश्मीर 75 लाख नानकशाही रुपयांना गुलाबसिंगला दिले. खोऱ्यातल्या माणसांना कुणी विचारले नाही. पुढे पंजाबच्या उकाड्याने हैराण झालेले साहेब उन्हाळ्यात गुलमर्गला येऊ लागले. लाकडी झोपड्या उभ्या राहिल्या, क्लब आला, गोल्फचे मैदान आले, 1902 साली सेंट मेरी चर्च बांधले गेले. गाडीरस्ता टंगमर्गला संपायचा. तिथून वरची चढण तट्टावर बसून नाहीतर डांडीत बसून. डांडी म्हणजे माणसांनी खांद्यावर वाहायची उघडी खुर्ची. सामान हमालांच्या पाठीवर. साहेबांच्या आठवणींत देवदार, फुले आणि नृत्याच्या मैफली भरपूर सापडतात, डांडी वाहणाऱ्यांची नावे सापडत नाहीत. तो काळ काश्मिरी शेतकऱ्याला बेगारीत जुंपण्याचा होता. महसूल अधिकारी वॉल्टर लॉरेन्स याने 1895च्या आपल्या ग्रंथात बेगारीने गावांची काय दशा केली, ते तपशिलाने लिहून ठेवले आहे.

याच गुलमर्गमध्ये नेडू या युरोपीय कुटुंबाचे हॉटेल होते. त्या घरातल्या हॅरी नेडू यांनी इस्लाम स्वीकारला आणि मीरजान या गुज्जर समाजातल्या मुलीशी निकाह केला. त्यांची मुलगी अकबर जहाँ. 1933 साली तिचे लग्न शेख अब्दुल्ला यांच्याशी झाले. ज्या शेखसाहेबांनी राजेशाहीविरुद्ध कष्टकऱ्यांची चळवळ उभी केली, त्यांची सासुरवाडी हॉटेलवाल्यांची निघावी आणि सासूबाई गुज्जर असाव्यात, हे काश्मीरच्या गुंतागुंतीचे छान उदाहरण आहे.

बर्फावर घसरण्याचा खेळही साहेबांनीच आणला. 1927 साली दोन ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब ऑफ इंडिया सुरू केला. 1947ला ते गेले आणि खेळ थंडावला. 1948मध्ये भारतीय सैन्याने गुलमर्गलाच स्की प्रशिक्षण शाळा काढली, तिचे पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाले. सरहद्द इथून जवळ आहे. ऑगस्ट 1965मध्ये पाकिस्तानी घुसखोर याच डोंगरांतून उतरले, तेव्हा त्यांची पहिली खबर टंगमर्गच्या पोलिसांना दिली ती मोहम्मद दीन या गुज्जर मेंढपाळाने. सरकारने त्याला पद्मश्री दिली. 1990 साली दहशतवाद्यांनी त्याला ठार केले. काश्मिरी मुसलमानाच्या निष्ठेचा दाखला मागणाऱ्यांना हे नाव सहसा माहीत नसते.

गोंडोलाचे काम 1980च्या दशकाच्या अखेरीस एका फ्रेंच कंपनीकडे गेले, मग हिंसाचारात रखडले. कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा 1998 साली आणि अफरवतच्या खांद्यापर्यंतचा दुसरा टप्पा 2005 साली सुरू झाला. सुमारे 2,650 मीटरवरून माणूस काही मिनिटांत 3,900 मीटरच्या वर पोहोचतो. जून 2017मध्ये वाऱ्याने झाड उन्मळून केबलवर पडले आणि 7 माणसे गेली. त्यातले 3 स्थानिक गाइड होते.

तासाच्या दराने न मिळणारी ऊब

आता स्पाकडे येतो. गरम खोली, वाफ, अंग चोळून घेणे, याला आज आपण पाश्चात्त्य चैन समजतो. पण युरोपात 19व्या शतकात ज्याची लाट आली ते 'टर्किश बाथ' म्हणजे मुस्लिम जगातला हमामच. त्याच्याही मागे रोमन स्नानगृहे आहेत. 'शॅम्पू' हा शब्दसुद्धा आपल्या चंपीचा भाऊ. इंग्लंडमधल्या ब्रायटनला तो नेला पाटण्याच्या शेख दीन मोहम्मद याने. त्याच्या स्नानगृहात इंग्लंडचे राजे गिऱ्हाईक होते. मराठीलाही हमाम परका नाही. दौलताबादच्या किल्ल्यात हमाम आहे, शनिवारवाड्यात हमामखाना आहे. पेशव्यांनी हा शब्द बदलायची गरज मानली नव्हती.

काश्मीरने मात्र हमामाचे वेगळेच काही केले. तो आणल्याचे श्रेय मिर्झा हैदर दुगलत याला देतात. 1540 ते 1551 या काळात काश्मीरवर हुकमत गाजवलेला हा मध्य आशियाई सरदार. रचना साधी आहे. खोलीची जमीन जाड दगडी लाद्यांची, लाद्यांखाली पोकळी. बाहेरच्या बाजूने भट्टीत लाकूड पेटवायचे. आच आणि धूर पोकळीतून फिरून धुराड्याने बाहेर पडतो. लाद्या तापतात आणि तासन् तास गरम राहतात. त्याच भट्टीवर तांब्याच्या मोठ्या भांड्यात वुजूचे पाणी तापते.

सुलतानांचा आणि अमीरांचा हा हमाम हळूहळू मोहल्ल्यातल्या मशिदीत आला, हा मला काश्मीरच्या सामाजिक इतिहासातला फार मोलाचा बदल वाटतो. 21 डिसेंबरपासून 40 दिवसांचा चिल्लाई कलाँ सुरू होतो. नळ गोठतात, फेरनच्या आत कांगडी धरून माणसे वावरतात. ज्याच्या घरी जळण कमी, त्याला मशिदीचा हमाम असतो. सरपणाचा खर्च मोहल्ला वर्गणीतून करतो. फज्रच्या नमाजनंतर म्हातारे तिथे पाठ शेकत बसतात, पोरे अभ्यास करतात, गावाच्या भानगडी तिथे निघतात आणि तिथेच मिटतात. शरियतने तहारत, म्हणजे शुचिता सांगितली. पण बर्फाळ मुलखात गरिबाने गार पाण्याने वुजू कसा करायचा, याचे उत्तर समाजाला शोधावे लागते. काश्मिरी समाजाने ते शोधले.

यात सगळेच गोड नाही. हमामाला लाकूड फार लागते आणि जंगल त्याची किंमत मोजते. बायकांना ही सार्वजनिक ऊब पुरुषांइतकी मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंपरेचे कौतुक करताना तिचा हिशेबही मांडावा, असे माझे मत आहे.

डिसेंबर 2024च्या अखेरीस खोऱ्यात जोराचे बर्फ पडले. सोनमर्गच्या वाटेवर गुंड गावाजवळ पंजाबहून आलेल्या पर्यटकांची गाडी अडकली. हॉटेल जवळ नव्हते, घरांत इतकी माणसे मावणार नव्हती. गावकऱ्यांनी जामा मशीद उघडली आणि त्या बायामाणसांना रात्रभर तिथे ठेवले. मशीद का, तर तिथे हमाम होता आणि तो रात्रभर गरम राहतो. कुणी त्यांचा धर्म विचारला नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी, 22 एप्रिल 2025 रोजी, पहलगामच्या बैसरनमध्ये अतिरेक्यांनी धर्म विचारून माणसे मारली. 26 जीव गेले. त्यात 6 जण आपल्या महाराष्ट्राचे होते, आणि एक स्थानिक घोडेवाला मुसलमानही होता. त्या दिवसापासून मराठी घरांत काश्मीरचे नाव निघाले की आधी बैसरन आठवते. ते साहजिक आहे, ते दुःख खोटे नाही. मारेकऱ्यांनी माझ्या धर्माचे नाव वापरले, याची चीड मलाही तितकीच आहे. पण गुंडची मशीद आपल्या बातम्यांत एक दिवसही टिकली नाही, आणि बैसरनच्या आधारे अख्ख्या खोऱ्याचा निवाडा मात्र रोज होतो. इतिहास वाचणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहून ठेवायला हव्यात.

गुलमर्गच्या टेकडीवरचे ते शिवमंदिर डोग्रा राजघराण्याने बांधले. त्याची देखभाल वर्षानुवर्षे एका काश्मिरी मुसलमानाने केली, जून 2024च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले तेव्हा हळहळणाऱ्यांत तिथले मुसलमानही होते. खाली उतारावर बाबा रेशींची चूल आहे. मशिदींतून हमाम तापत आहेत. हे सगळे गोंडोलाच्या तिकिटात येत नाही, पण त्याला वेगळे पैसेही पडत नाहीत. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी टूरवाल्याला एवढेच सांगावे : परतताना बाबा रेशींपाशी अर्धा तास गाडी थांबव.